नम्रता, सेवा आणि ताबेदारी : पुण्याच्या ख्रिस्ती जीवनातील एक प्रश्न

गर्व हे सर्व पापांचे मूळ आणि नम्रता हा सर्व सद्गुणांचा पाया, हे ख्रिस्ती नीतिशास्त्रातील विधान इतके परिचित आहे की त्यातील अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अडचण अशी की, नम्रतेचा उपदेश कोणी कोणास करावयाचा? जो उंचावर बसला आहे त्याने खाली उतरावे, या म्हणण्यास अर्थ आहे. परंतु ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी ताठ उभेच राहू दिले नाही त्याने वाकावे, असे म्हणण्यात काय अर्थ उरतो? महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ ग्रंथातला राहिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३४ पर्यंत पुणे शहरात व त्याच्या आसपास तो काही व्यक्तींच्या आयुष्यात प्रत्यक्ष उभा राहिला. त्यांनी दिलेली उत्तरे परस्परांशी सर्वस्वी जुळत नाहीत, आणि म्हणूनच ती अभ्यसनीय आहेत.

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. नव्या करारात नम्रतेसाठी जो ग्रीक शब्द येतो, 'तापेइनोफ्रोसुने', त्याच्या मुळाशी असलेले 'तापेइनोस' हे विशेषण अभिजात ग्रीक वाङ्मयात बहुधा निंदाव्यंजक आहे. हलका, क्षुद्र, ज्याला स्वतःची प्रतिष्ठा नाही असा, हा त्याचा अर्थ. स्वतंत्र नागरिकाला जो गुण लज्जास्पद वाटावा त्याला ख्रिस्ती लेखकांनी सद्गुणाच्या आसनावर बसविले, आणि या उलथापालथीचे कारण त्यांच्या ख्रिस्तदर्शनात आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने जी मांडणी केली आहे तिचा गाभा असा की, जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. धर्मशास्त्रात यालाच 'केनोसिस' अथवा आत्मरिक्तीकरण म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानातील शिष्यांचे पाय धुण्याचा प्रसंग हीच गोष्ट कृतीत दाखवितो. या दोन्ही स्थळी एक गोष्ट समान आहे व ती पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे : खाली येणारा स्वतःच्या इच्छेने खाली येतो. पाय धुणारा गुरू आहे. शिष्यांनी त्याला पाय धुण्यास भाग पाडलेले नाही. पेत्र तर उलट त्याला अडवितो.

मराठीत हा विचार आला तेव्हा त्याला जे शब्द मिळाले ते कोरे नव्हते. 'दास', 'सेवा', 'लीनता', 'दैन्य' हे शब्द वारकरी संतांनी घासूनपुसून भक्तीच्या व्यवहारात आणले होते, आणि ख्रिस्ती प्रार्थनेला ते आयतेच उपयोगी पडले. पण 'सेवा' या शब्दाला दुसरीही एक बाजू आहे. स्मृतिग्रंथांनी तीन वर्णांची सेवा हा शूद्राचा धर्म ठरविला. गावगाड्यात महाराने 'जोहार' घालावयाचा, तोही अंतर राखून, हा त्याच सेवेचा दैनंदिन आविष्कार. याच पुण्यात, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाला 'गुलामगिरी' हे नाव दिले, तेव्हा लादलेल्या सेवेला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली गेली. तात्पर्य, मराठी ख्रिस्ती मनुष्य 'प्रभूचा दास' असे म्हणतो तेव्हा त्या 'दास' शब्दात भक्तीचा सुगंध आहे की वेठीचा वास आहे, हे म्हणणारा कोण यावर अवलंबून राहते. अहमदनगर जिल्ह्यातील मंडळ्यांत प्रामुख्याने महार व मांग समाजातून आलेल्या लोकांचा भरणा होता. त्यांच्या दृष्टीने धर्मांतराचा पहिला लाभ वाकण्याचे शिक्षण हा नव्हता. उभे राहण्याची मुभा हा होता. मराठी ख्रिस्ती समाजात परस्परांस 'सलाम' म्हणण्याची जी रूढी आहे तिच्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पाळक आणि शेतमजूर दोघेही एकमेकांस तोच शब्द उच्चारतात.

या प्रश्नाची सर्वांत तीव्र परीक्षा पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात झाली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या त्या रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि पुढच्या वर्षी लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला प्रयाण केले. पुण्यात पंच हौद येथे काम करणाऱ्या, वाँटेजच्या सेंट मेरी भगिनीसंघातील जोगिणींशी त्यांचा परिचय झाला होता. इंग्लंडमध्ये वाँटेज येथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बुद्धीला पटण्याचा भाग बराचसा नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्याकडून आला. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित 'षड्दर्शनदर्पण' या खंडनग्रंथाचे कर्ते होते. वादात ते कोणास हार जाणारे नव्हते. असे असता रमाबाईंनी त्यांच्याविषयी लिहिताना गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाइतकाच त्यांच्या नम्र वाणीचा आणि आचरणाचा निर्देश करावा, हे लक्षणीय आहे. अंतःकरणाला पालटविणारा प्रसंग मात्र निराळाच. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी जोगिणी चालवीत असलेले आश्रयस्थान त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांशी कोणी ममतेने वागते, हे दृश्य त्यांना सर्वस्वी नवे होते. त्यामागील प्रेरणा विचारता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली, असे त्यांनीच पुढे आपल्या 'टेस्टिमनी' या आत्मनिवेदनात (१९०७) नमूद केले आहे. म्हणजे रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनाचा प्रारंभ सेवेच्या दर्शनाने झाला, आणि ती सेवा करणाऱ्या स्त्रियांशीच थोड्या काळात त्यांचा मतभेद जुंपला.

मतभेदाचे विषय वरवर पाहता किरकोळ वाटतील. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. त्यात जोगिणींना जातीचा अवशेष दिसला. गळ्यातील क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा रमाबाईंचा आग्रह. चेल्टनहॅम येथे त्या शिकत व शिकवीत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली आणि बाईंनी ती हरकत मानण्याचे नाकारले. त्रैक्य, ख्रिस्ताचे दैवत्व, चर्चचा अधिकार यांविषयीही त्यांच्या शंका होत्या व त्या त्यांनी लपविल्या नाहीत. सिस्टर जेराल्डिन यांना या सर्व वर्तनात एकच दोष दिसला : गर्व. त्यांच्या बाजूने विचार केला तर हे निदान अनाकलनीय नाही. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत आणि आज्ञापालन त्यांच्या पायथ्याशीच आहे. व्रतस्थ संघात वाढलेल्या स्त्रीला आज्ञापालन नाकारणारी नम्रता ही वदतोव्याघात वाटावी, हे स्वाभाविक होय.

रमाबाईंचे उत्तर मूलगामी होते. आपल्याला सदसद्विवेकबुद्धी दिलेली आहे. महत्प्रयासाने पुरोहितांच्या जोखडातून मान सोडविल्यावर ती पुन्हा दुसऱ्या जोखडात घालण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे त्यांचे लेखन आहे. हिंदू स्त्रीने आज्ञापालनाला धर्म म्हणून पुरेसे ओळखले आहे, हे या उत्तरामागचे मर्म. पातिव्रत्य, सोवळे, केशवपन या सर्वांचे समर्थन नम्रतेच्याच भाषेत होत आले होते. तीच भाषा नव्या धर्माने, शिवाय राज्यकर्त्यांच्या तोंडून ऐकविली, तेव्हा त्यांनी ती ओळखली. नम्रता ज्या क्षणी दुसऱ्याकडून मागितली जाते त्या क्षणी तिचे ताबेदारीत रूपांतर होते आणि गर्व मागणाऱ्याच्या पदरात पडतो, हा निष्कर्ष त्या पत्रव्यवहारातून निघतो, जरी त्यात तो या शब्दांत कोठेही आलेला नाही. फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली ती याच ज्ञातिधर्माच्या ताबेदारीविरुद्ध होती. येथे जेराल्डिनबाईंच्या बाजूने एक गोष्ट नोंदविणे न्यायाचे होईल. हा सारा पत्रव्यवहार त्यांनीच जतन व संकलित केला. आपल्याशी उघड विरोध करणारी पत्रे त्यांनी नष्ट केली नाहीत. अ. भि. शहा यांनी संपादित केलेले ते संकलन १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, म्हणूनच आज या वादाची दुसरी बाजू उपलब्ध आहे.

यानंतरचे रमाबाईंचे आयुष्य हे वाँटेजच्या आरोपाला दिलेले उत्तर होय, असे म्हणता येईल; मात्र ते त्यांनी उत्तर म्हणून दिले नाही. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन १८९० च्या अखेरीस पुण्यास आले. (त्याच साली पंच हौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले प्रभृती मंडळींनी चहा घेतल्याचे प्रकरण उद्भवले व पुढे प्रायश्चित्तापर्यंत गेले. एका पेल्याने केवढा अभिमान दुखावतो याचे मोजमाप शहराने तेव्हा घेतले.) १८९३ मध्ये सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून दूर झाले, आणि उच्चवर्णीय विधवांना शिकविणारी विदुषी ही रमाबाईंची प्रतिमा डळमळली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. मुलींना केडगावच्या शेतावर हलविणे भाग पडले. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या जवळजवळ २,००० वर गेली. आंधळ्यांसाठी, वृद्धांसाठी, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र सदने निघाली. विहिरी खणल्या गेल्या, विणकाम सुरू झाले, छापखाना आला. फुलहॅमला पाहिलेले दृश्य पुणे जिल्ह्याच्या माळरानावर, वेगळ्या मापाने, पुन्हा घडले.

या उतरंडीचे मोल समजण्यासाठी शारदा सदन आणि मुक्ती यांतील अंतर पाहावे. शारदा सदनात उच्च जातीच्या विधवांना आपापले जातिनियम पाळण्याची मोकळीक होती. मुक्तीत आलेल्या मुली कोणत्या जातीच्या हा प्रश्नच भुकेने पुसून टाकला होता. जिच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविण्यासाठी लोकनिंदा सोसली ती पंडिता आता उवा व खरजेने पिडलेल्या पोरींमध्ये वावरत होती. तथापि हे चित्र निर्दोष रंगविण्याचे कारण नाही. ज्यांनी दुसऱ्याची आज्ञा मानण्याचे नाकारले त्यांच्या संस्थेत अंतिम शब्द त्यांचाच असे. आणि दुष्काळातून आलेल्या मुलीला मुक्तीची शिस्त मानावयाची की नाही हे ठरविण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न रमाबाईंच्याच निकषावर विचारता येतो. सेवा घेणाऱ्याच्या इच्छेचे स्थान काय, याचे उत्तर मुक्तीच्या इतिहासात पुरेसे सापडत नाही.

पण रमाबाईंच्या नम्रतेचा खरा पुरावा संस्थेपेक्षा भाषेत शोधावा लागतो. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. प्रचलित भाषांतराची मराठी संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला ती कळत नाही, आणि तिच्यातील काही शब्द आपल्याबरोबर वेदान्ताचे अर्थ घेऊन येतात, ही त्यांची धारणा होती. ज्या संस्कृतच्या बळावर त्यांना पदव्या मिळाल्या त्याच संस्कृतचे शब्द त्यांनी बुद्ध्या टाळले. मजकूर जुळविणे व छापणे हे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील मुलींनी केले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाला. वाङ्मयदृष्ट्या हे भाषांतर यशस्वी झाले असे म्हणवत नाही. मूळ भाषेला अतोनात चिकटून राहिल्याने ते ठिकठिकाणी अवघडले आहे, आणि मराठी मंडळ्यांच्या उपासनेत ते रूढ झाले नाही. तरीही पंडिताने आपले पांडित्य वाचकाच्या पायरीवर उतरविण्याचा एवढा दीर्घ प्रयत्न मराठीत विरळाच. पांडित्य टाकणे सोपे असते. पांडित्य पणास लावून ते दिसू न देणे कठीण.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे उत्तर वेगळ्या प्रकृतीचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ काम केले, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले, उपासनेत भजन व कीर्तन आणले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तीत जागा होती. पगारी सेवक आणि सेवा यांतील विसंगती त्यांना बोचत होती. मिशनच्या वेतनश्रेणीत परदेशी मिशनरी, देशी पाळक आणि गावचा शिक्षक यांची जी उतरंड होती तिच्या पायरीवर बसून समतेचा उपदेश करणे त्यांना अशक्य झाले. संन्यासाचा मार्ग त्यांना परंपरेने हाताशी दिला.

या त्यागाची दुसरी बाजू सुदैवाने लेखनिविष्ट झाली आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. त्यातील टिळक उदार आहेत, निष्कपट आहेत, कोपिष्ट आहेत, आणि घरातील वस्तू व पैसा कोणालाही देऊन मोकळे होणारे आहेत. दिल्यानंतर चूल कशी पेटवावयाची हा प्रश्न मात्र लक्ष्मीबाईंचा. त्यागी पुरुषाच्या नम्रतेची किंमत पुष्कळदा दुसरेच कोणी भरते, हे ख्रिस्ती अथवा हिंदू कोणत्याही नीतिग्रंथात न आढळणारे सत्य या पुस्तकात विनोदाच्या आवरणाखाली आले आहे. शिवाय लक्ष्मीबाईंचे स्वतःचे उतरणे हे टिळकांच्या संन्यासाहून कमी महत्त्वाचे नाही. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या विभक्त राहिल्या. परत आल्यावरही त्यांचे सोवळे व निराळा स्वयंपाक चालू होता. टिळकांनी सक्ती केली नाही. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हा उलगडा त्यांना स्वतःला झाला आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी झाली. कोणाच्या हातचे पाणी घेणे ही महाराष्ट्रातील खरी पादप्रक्षालनाची कसोटी होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे वजन कळते. आणि कोपिष्ट टिळकांनी या एका बाबतीत वाट पाहिली, हे त्यांच्या साताऱ्याच्या संन्यासाइतकेच बोलके आहे.

टिळकांचे चरित्र इंग्रजीत प्रथम सांगणाऱ्यांपैकी एक जॉन कॉपली विन्स्लो. ईटन व ऑक्सफर्ड येथे शिकलेला हा मिशनरी अहमदनगर जिल्ह्यात काम करीत होता. ज्या बंगल्यात आपण राहतो त्यानेच आपल्या व देशी सहकाऱ्यांच्या मध्ये भिंत घातली आहे, हे त्याला कळून चुकले. जून १९२२ मध्ये त्याने 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. इंग्रज आणि हिंदी बंधूंनी एकत्र राहावे, एकाच पंगतीत जमिनीवर बसून शाकाहारी अन्न घ्यावे, खादी वापरावी, हा त्याचा नियम. काही वर्षांनी पुण्यात शिवाजीनगर येथे संघाचा आश्रम झाला. १९२७ मध्ये व्हेरिअर एल्विन व अल्जी रॉबर्टसन यांच्यासारखे तरुण येथे आले. साहेबाने साहेबपण टाकावे, एवढेच नव्हे तर पाहुणा म्हणून यावे, ही येथील सेवेची व्याख्या होती.

ती कोठपर्यंत टिकली? सविनय कायदेभंगाच्या काळात एल्विन काँग्रेसच्या बाजूने उघड बोलू लागले, तेव्हा सरकार व चर्चचे अधिकारी या दोघांशीही त्यांचे वितुष्ट आले. जमिनीवर बसण्यास अधिकाऱ्यांची हरकत नव्हती. जमीन कोणाची हे बोलण्यास होती. १९३१ मध्ये एल्विन संघातून बाहेर पडले आणि शामराव हिवाळे यांच्यासह गोंडांमध्ये राहण्यासाठी मंडला जिल्ह्यात गेले. १९३४ मध्ये संघ दुभंगला आणि विन्स्लोंचा त्याच्याशी असलेला संबंध संपला. पुण्याच्या आश्रमातील कार्य 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ' या नावाने पुढे चालले. त्याचे आचार्य विल्यम लॅश हे १९४७ मध्ये मुंबईचे बिशप झाले. रॉबर्टसन इंग्लंडला परतले व तेथील अँग्लिकन फ्रान्सिस्कन संघाच्या घडणीत त्यांनी पुण्याचा अनुभव नेला. विन्स्लोंच्या प्रयोगातील उणीव अशी दाखविता येईल की, खादी व पंगत यांमुळे जो उतरला तो लोकांना दिसत राहिला. ज्याला उतरावयास पायरीच नव्हती त्या हिंदी बंधूच्या साधेपणाची वार्ता कोणी लिहून ठेवली नाही. हिवाळ्यांचे नाव बहुधा एल्विन यांच्या नावामागून येते, हे त्याचेच उदाहरण. तरी सत्ता हाती असलेल्या पक्षाने आपण होऊन भिंत पाडण्याचा प्रयत्न करावा, हे वाँटेजच्या वादानंतर चाळीस वर्षांत घडलेले स्थित्यंतर लहान नाही.

शिवाजीनगरच्या या आश्रमाचा पुढील एक टप्पा येथे उल्लेखनीय आहे. बंधूंचा संघ ओसरल्यावर १९७० नंतरच्या दशकात तो 'ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम' म्हणून स्त्रियांच्या संयुक्त संघाने पुन्हा सुरू केला. रोमन कॅथलिक सेक्रेड हार्ट संघाच्या भगिनी आणि अँग्लिकन भगिनी त्यात एकत्र आल्या. शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट तेथील आचार्यांपैकी एक होत्या. प्रार्थनेत उपनिषदांचे पठण होई, मांडी घालून भोजन होई, आणि येणाऱ्याला त्याचा धर्म विचारला जात नसे. त्या संघातील अँग्लिकन भगिनी वाँटेजच्या होत्या.